इंडोनेशियातील नागरिकशिक्षण आणि इस्लामी शिक्षण : एक संज्ञाविचार

इंडोनेशियातील शैक्षणिक नवोपक्रमांचे मूल्यमापन बहुधा अभ्यासक्रम व अध्यापनपद्धती ह्यांच्या अंगाने केले जाते. परंतु नागरिकाला कोणत्या नावाने ओळखावे हाच जेथे शिक्षणाचा मूळ प्रश्न आहे, तेथे संज्ञांची चिकित्सा गौण मानता येत नाही.

ह्या संज्ञांपैकी काही मराठी वाचकाला परिचित वाटतील. मात्र तो परिचय फसवा आहे. इंडोनेशियन भाषेत 'नेगारा' (संस्कृत 'नगर') म्हणजे राज्यसंस्था, 'आगामा' (संस्कृत 'आगम') म्हणजे धर्म आणि 'वार्गा नेगारा' म्हणजे नागरिक. आगम व नगर ह्यांचा परस्परसंबंध कोणता, हा वाद राष्ट्राच्या जन्मापासूनचा आहे. २२ जून १९४५ च्या मसुद्यात मुसलमानांवर शरीयतपालनाचे बंधन घालणारे शब्द होते. १८ ऑगस्ट रोजी ते गाळण्यात आले व केवळ एकमेव ईश्वरावरील श्रद्धेचे तत्त्व राहिले.

राज्यसंस्थेने शाळेत जे नागरिकशिक्षण दिले त्याची नावे वारंवार बदलली. १९७५ च्या अभ्यासक्रमात ते 'पंचशील नीतिशिक्षण' झाले. १९९४ मध्ये 'पंचशील व नागरिकत्व शिक्षण' असे जोडनाव आले, २००६ मध्ये त्यातून 'पंचशील' हे पद वगळले गेले आणि २०१३ मध्ये ते परत आले. १९७८ मध्ये पंचशीलाच्या आचरणासाठी ३६ कलमे निश्चित करण्यात आली. ती पाठ करणे हेच शिक्षण ठरू लागले. सुहार्तो ह्यांची राजवट कोसळल्यावर त्याच वर्षी, १९९८ मध्ये, ह्या कार्यक्रमाचा मूळ ठराव रद्द झाला. नाव बदलले तरी विद्यार्थ्याचे काम पाठांतराचेच राहिले, तर त्या बदलास नवोपक्रम म्हणणे कठीण आहे.

इस्लामी शिक्षणाचा प्रवाह निराळा आहे. १९७५ मध्येच तीन मंत्र्यांच्या संयुक्त आदेशाने मदरशांच्या प्रमाणपत्रांना सामान्य शाळांच्या प्रमाणपत्रांची बरोबरी मिळाली. त्यासाठी धर्मविषयांचा वाटा सुमारे ३० टक्क्यांवर आला. हा बदल वरून आलेला होता. 'पेसान्त्रेन' ह्या निवासी धर्मशाळांची अध्ययनपद्धती मात्र आतून घडलेली आहे. जावामध्ये अरबी ग्रंथ वाचताना ओळींखाली जावानीज अर्थ लिहितात आणि वाक्यातील उद्देश्यासाठी 'उतावी', विधेयासाठी 'इकू' असे ठरावीक शब्द योजतात. म्हणजे अर्थ सांगण्यापूर्वी विद्यार्थ्याला वाक्याचे पृथक्करण करावे लागते. ह्याच शिस्तीतून 'बाह्सुल मसाइल' ही प्रश्नचर्चेची प्रथा पोसली गेली. तीत नव्या प्रश्नासाठी जुन्या ग्रंथांतील आधार शोधून त्यांवर खुला वादविवाद होतो.

ह्या प्रथेचे सामर्थ्य २०१९ मध्ये दिसून आले. पश्चिम जावातील बंजर येथे भरलेल्या नहदलातुल उलामा ह्या संघटनेच्या विद्वत्परिषदेने अशी शिफारस केली की, नागरी व्यवहारात मुस्लिमेतरांना 'काफिर' न म्हणता 'मुवातिन' म्हणजे सहनागरिक म्हणावे. ही संज्ञा अरबी 'वतन' ह्या शब्दाशी संबद्ध आहे. मराठीत 'वतन' वंशपरंपरागत जमिनीचा वा हुद्द्याचा वाचक झाला आणि त्यातून वतनदार व बिनवतनी असा भेद उभा राहिला. 'मुवातिन' ह्या रूपात मात्र एकाच देशाचे सहभागी असण्याचा भाव आहे. राज्याने संस्कृतोद्भव शब्दाने जे सांगितले होते, तेच येथे धर्मशास्त्राच्या स्वतःच्या भाषेत, त्याच्याच पद्धतीने सिद्ध झाले. धर्मनिष्ठ विद्यार्थ्याला हा विचार परका वाटण्याचे कारण उरत नाही, हे ह्या उपक्रमाचे खरे नावीन्य होय.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट नोंदविल्या पाहिजेत. ही शिफारस संबोधनाविषयी आहे. श्रद्धाशास्त्रातील 'काफिर' ह्या संज्ञेचा अर्थ तिने बदललेला नाही. शिवाय संज्ञा बदलल्याने शाळेतील व्यवहार आपोआप बदलत नाही. २०२१ च्या आरंभी पाडांग येथील एका सरकारी शाळेत ख्रिस्ती विद्यार्थिनीला शिरोवस्त्राची सक्ती झाल्याचे प्रकरण गाजले. अशी सक्ती रोखण्यासाठी तीन मंत्र्यांनी संयुक्त आदेश काढला. तोही त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. त्या मुलीला 'वार्गा नेगारा' म्हटले काय किंवा 'मुवातिन' म्हटले काय, तिचा प्रश्न शब्दाने सुटत नव्हता.

तरीही दोन मार्गांतील भेद उरतोच. आदेश एका निर्णयाने येतो व दुसऱ्या निर्णयाने जातो. ३६ कलमांचेही तेच झाले. ग्रंथ समोर ठेवून, आधार तपासून व प्रतिपक्ष ऐकून स्वीकारलेली संज्ञा इतक्या सहज पुसली जात नाही. म्हणून इंडोनेशियातील नागरिकशिक्षणाने पेसान्त्रेनकडून घ्यावयाचे ते धर्मविषय नव्हेत, तर वाद करून अर्थ ठरविण्याची ही शिस्त होय. पंचशीलाची तत्त्वे वर्गात पाठ करण्याऐवजी वादास घेतली गेली, तरच विषयाच्या नव्या नावाला अर्थ प्राप्त होईल.