आजोबांचं ताट कोण वाढत होतं?

(भूम येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आयोजकांनी आजचा विषय दिला, 'पूर्वजांचा आहार आणि निरोगी म्हातारपण'. सुरुवातीलाच सांगतो, मी पूर्वजांचं कौतुक करायला आलेलो नाही आणि त्यांची उणीदुणी काढायलाही आलेलो नाही. पूर्वजांबद्दल आपण जे बोलतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं ढकलतो, ते बोलणं मला तपासायचं आहे. एका अर्थी ही समीक्षाच समजा. फक्त हे पुस्तक छापलेलं नाही, ते आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे.

त्या पुस्तकातलं पहिलं वाक्य तुम्हाला पाठ आहे. "आमचे आजोबा भाकरी-ठेचा खाऊन नव्वद वर्षं जगले, दवाखाना कसा असतो ते बघितलं नाही." भूमच्या बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर अर्धा तास थांबा, हे ऐकू येतंच. आणि बोलणारा बऱ्याचदा पंचेचाळिशीतला असतो, त्याच्या खिशात शुगरच्या गोळ्यांची पट्टी असते.

हे बोलणं फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत १९८५ साली बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या दोघांनी एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. आपलं शरीर अश्मयुगातल्या जगण्यासाठी घडलं आणि खाणं मात्र आजचं आहे, म्हणून आजार होतात, असा त्यांचा मुद्दा. पुढं २००२ मध्ये लोरेन कॉर्डेन यांनी त्यावर 'पॅलिओ डाएट' नावाचं पुस्तक काढलं. त्यात धान्य बाद, कडधान्य बाद, दूधही बाद. म्हणजे भाकरी गेली, हुलगा गेला, ताक गेलं. भूमच्या माणसानं खायचं काय? (हशा)

महाराष्ट्रात या चर्चेला दोन चेहरे मिळाले. ऋजुता दिवेकर सांगतात की आपल्या भागात, आपल्या हंगामात पिकतं ते खा, थोडं थोडं वेळेवर खा, तूप-भाताला घाबरू नका, आजीच्या स्वयंपाकावर विश्वास ठेवा. डॉ. जगन्नाथ दीक्षित, ज्यांची मोहीम शेजारच्या लातूरहून गावोगाव पोचली, ते डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांचा आधार घेऊन सांगतात की दिवसात दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरका आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दोघांमुळे लोक आपल्या ताटाकडं बघायला लागले, हे मान्य करायला पाहिजे. मला रस आहे तो घराघरात झालेल्या वादात. दोन्ही बाजूंनी एकच साक्षीदार बोलावला जायचा. एक म्हणायचा, आजोबा दोनदाच जेवायचे. दुसरा म्हणायचा, छे, सकाळची न्याहारी, दुपारची भाकरी, दिवस कलला की पुन्हा काहीतरी. साक्षीदार जाऊन तीस वर्षं झाली, आणि त्याच्या नावानं हे दोघं बोलतायत.

तेव्हा पहिला प्रश्न असा, पूर्वज म्हणजे नेमका कोण? ज्वारी मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी आली, म्हणून आता आपलीच. पण ठेच्यातली मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडातले, ते पोर्तुगीज आल्यानंतरचे. म्हणजे शिवरायांच्या आधी चार-पाचशे वर्षं मागं गेलात तर तिथं ठेचाच नाही. अजून मागं जा. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव. त्यांचं मुख्य पीक जव होतं, जोडीला शिकार, मासे, जनावरं. आता याहून अस्सल पूर्वज कुठून आणायचे? पण तिथल्या घरांच्या जमिनीखाली काय सापडलं? दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवलेले आणि आत लहान लेकरं पुरलेली. एकूण दफनांमध्ये लेकरांचंच प्रमाण मोठं. त्यांच्या दुधाच्या दातांवर वाढ अडल्याच्या खुणा आहेत.

मग आजोबा नव्वद वर्षं जगले हे खोटं का? नाही, आणि इथं दोन्ही बाजूंनी घाई होते. भारतात १९५१ च्या सुमाराला सरासरी आयुर्मान साधारण ३२ वर्षं होतं. त्याचा अर्थ माणसं तिशीत म्हातारी व्हायची असा होत नाही. लेकरं फार मरायची, म्हणून सरासरी खाली यायची. गर्व्हेन आणि कॅप्लन या संशोधकांनी २००७ मध्ये जगभरच्या शिकारी आणि रानावनातल्या समाजांची माहिती एकत्र केली. लहानपण पार केलेल्यांमध्ये मृत्यूचं सगळ्यात जास्त आढळणारं वय ७२ च्या आसपास निघालं. औषधं नसताना हे वय काही थोडं नाही. म्हणून आजोबा खरेच. पण त्यांच्या पाठची जी भावंडं पाच वर्षांच्या आत गेली, त्यांनीही तीच भाकरी खाल्ली होती. त्यांच्या बाजूनं टपरीवर बोलायला कुणी नाही.

आता माझी चूक सांगतो. मागं एका लेखासाठी मी जुन्या जेवणाची यादी करत होतो. आई शेजारी बसलेली, वय ऐंशीच्या पुढं. मी वाचत गेलो. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, शेंगोळे, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, ताक. ती ऐकत होती. मग म्हणाली, "हे समदं खरंय. पण हे तुझ्या आज्ज्याच्या ताटातलं हाय."

मी विचारलं, "आणि तुझं?"

"आमचं काय? गडी मानसं जेवली, लेकरं जेवली, मंग टोपल्यात राहील ते. कोरड्यास सरलं असलं तर चटणी नि पानी."

ती तक्रार करत नव्हती. मी यादी चुकीची केली होती, ती दुरुस्त करत होती. मी लहानपणी आजोबांच्या मांडीला मांडी लावून जेवायला बसायचो. म्हणून मला जे ताट आठवतं ते वाढून घेणाऱ्याचं. पूर्वजांच्या आहारावर बोलणारे आपण बहुतेक जण त्याच पंगतीत बसलेले आहोत. आणि १९७२ चा दुष्काळ? ती म्हणाली, लाल मिलो आणि सुकडी. बाहेरून आलेली ती मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी, हाही पूर्वजांचाच आहार. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामावर होती, खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. ते आपल्या यादीत कधी येत नाही.

हे मी भावनेपोटी सांगतोय असं वाटेल, म्हणून मोजमापाकडं येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास केला. शेतकऱ्यांच्या घरातल्या बाया, वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास. खाणं आपण ज्याला पारंपरिक म्हणतो तेच. बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं होतं ३.५ किलो. पण खरी गोष्ट पुढं आहे. आपली बाळं हाडामांसानं बारीक होती, त्या मानानं कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुढं भरपूर खायला मिळालं, बसून काम आलं, की अशा शरीराला साखरेचा आजार लवकर गाठतो. २०२३ मध्ये आलेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे दहा कोटींहून जास्त रुग्ण आहेत. म्हणजे टपरीवरच्या त्या माणसाच्या खिशातली गोळी केवळ आजच्या वडापावची नसेल. तिचा काही हिशेब तो आईच्या पोटात होता तेव्हापासूनचा असू शकतो.

याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी. आया एकूण किती खातात, यापेक्षा काय खातात याचा बाळाच्या वाढीशी जास्त संबंध दिसला. ज्यांच्या खाण्यात दूध, पालेभाज्या, फळं जास्त, त्यांची बाळं चांगली भरली. दुसरी गोष्ट कष्टांची. गरोदरपणात शेतातली, पाणी आणायची कामं ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांची बाळं सरासरीनं लहान.

ही दुसरी गोष्ट नीट ऐका, कारण पूर्वजांच्या 'हालचाली'बद्दल आपण फार गोड बोलतो. जातं म्हणजे पोटाचा व्यायाम, विहिरीचं पाणी म्हणजे दंडाचा व्यायाम, असे फोटो फिरतात. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या वाचा. त्यात देव आहे, भाऊ आहे, माहेर आहे, आणि कष्टही आहेत. पहाट व्हायच्या आत उठून जात्याला बसलेल्या बाईला आपण व्यायाम करतोय असं वाटत नव्हतं. व्यायाम थांबवता येतो. दमलं, आजारी पडलं, दिवस गेले, तर माणूस थांबतो. तिला थांबता येत नव्हतं. आजही भूम, वाशी, परंडा भागातून ऊसतोडीला जोडपी जातात, कोयता म्हणतात त्याला. पोटुशी बाई मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. तिला कोण सांगणार की रोज साडेचार किलोमीटर चाला?

मग पूर्वजांकडून घ्यायचं काहीच नाही का? आहे, आणि ते नेमकं घ्यायला पाहिजे.

एक, भाकरी औषध नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं ७० ग्रॅमच्या आसपास, जवळपास गव्हाइतकीच. चार भाकरी खाऊन शुगर उतरत नाही. जुन्या जेवणाची ताकद जोडीत होती. ज्वारीच्या प्रथिनात जो घटक कमी पडतो तो हुलगा, मटकी, तुरीत असतो. आपल्या जिल्ह्यात येळवसेला शेतात भज्जी करतात, एका भांड्यात किती शेंगा, किती पालेभाज्या पडतात ते आठवा. आता खरिपात नजर जाईल तिथं सोयाबीन. भज्जीला लागणारं निम्मं सामान बाजारातून येतं. म्हणून आहार बदलायचा तर बांधावर तूर, मटकी, अंबाडी यांना दोन तासं परत द्यावी लागतील.

दोन, बसणं. टांझानियातले हाडझा लोक आजही बरंचसं शिकारीवर जगतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की तेही दिवसाचे जवळपास दहा तास बसूनच असतात. पण उकिडवे, गुडघ्यावर, जमिनीवर, त्यामुळे पायाचे स्नायू जागे राहतात. ब्राझीलच्या एका अभ्यासात ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना जमिनीवर बसून उठायला लावलं. ज्यांना हातागुडघ्याच्या आधाराशिवाय उठता येत नव्हतं, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त होतं. एवढ्यावरून खाली बसल्यानं आयुष्य वाढतं असं म्हणता येत नाही. पण म्हातारपणी कुणाच्या हाताशिवाय उठता येणं ही काही लहान गोष्ट नाही. गुडघे साथ देतायत तोवर दिवसातलं एक जेवण खाली बसून करा.

तीन, दूध. आपला तालुका खव्याचा. कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमानच आहे. त्यावर घरं चालली, पोरं शिकली. पण हिशेब बघा. साधारण पाच लिटर दूध आटवलं की किलोभर खवा. सकाळी धार काढली की दूध भट्टीवर, आणि घरात चहापुरतं. पुण्याच्या त्या अभ्यासात दोन तृतीयांश बायांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातूनच मिळतं. दूध काढणाऱ्या बाईच्या पेल्यात दूध नाही, ही रीत पूर्वजांचीच. ती तेवढी मोडायला पाहिजे.

जाता जाता एवढंच. आपल्याला जुनं जेवण परत आणायचंय ना? जरूर आणू. पण या वेळी वाढायचा क्रम बदलून आणू. घरात सून पोटुशी असेल तर पहिलं ताट तिचं, आणि पेलाभर दूध भट्टीवर जायच्या आधी तिच्यासमोर. आजोबांना चालणार नाही म्हणाल, तर मला वाटतं, आपण कारण सांगितलं असतं तर ते समजले असते. लेकरं गेल्याचं दुःख त्यांनाही होतंच.