चेहरा, संस्करण आणि शब्दवाच्यता

फॅशन-व्यक्तिचित्रणात मनोवेदनेचा विषय येऊ लागल्यापासून छायाचित्राच्या संस्करणाचे प्रयोजनच बदलले आहे. पूर्वी हे काम उणे करण्याचे होते. स्टुडिओतील कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवून सुरकुत्या, व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे नाहीशी करी, आणि आपला हात कोठेही दिसू नये यातच त्याचे कौशल्य मानले जाई. आता त्याच संस्करणाकडून अधिक करण्याची अपेक्षा आहे. चेहऱ्याला तडे जावेत, ओठ पुसले जावेत, मस्तकाच्या जागी धूर यावा, एकाच व्यक्तीच्या दोन-तीन आकृती परस्परांत मिसळाव्यात आणि त्यातून नैराश्याचा किंवा भयगंडाचा प्रत्यय यावा, असा हा संकेतव्यूह आहे. हात लपविणारी कला हात दाखवू लागली आहे. या स्थित्यंतराचा निवाडा नैतिक निषेधाने होणार नाही, तसा तंत्राच्या कौतुकानेही होणार नाही. प्रश्न अभिव्यक्तीचा आहे, आणि त्याच्या विचारासाठी संस्कृत काव्यशास्त्रातील एक जुनी संकल्पना अजूनही उपयोगी पडते.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात रसदोषांची गणना करताना पहिला मान दिला आहे तो शब्दवाच्यतेला. व्यभिचारिभाव, रस किंवा स्थायिभाव यांचे नाव घेऊन कथन करणे हा दोष होय. 'शोक' हा शब्द उच्चारल्याने शोकाचा प्रत्यय येत नाही; तो विभाव-अनुभावांच्या द्वारा व्यंजित व्हावा लागतो, ही आनंदवर्धनाने आधीच सिद्ध केलेली भूमिका त्यामागे आहे. त्या पाठोपाठ मम्मट दुसरा दोष सांगतो: विभाव आणि अनुभाव कष्टकल्पनेने कळणे. या दोन दोषांच्या मधली वाट अरुंद आहे. तडा गेलेला चेहरा ही वरकरणी प्रतिमा असली, तरी व्यवहारात ती शब्दाचेच काम करते. 'ही व्यक्ती आतून भंगलेली आहे' हे विधान पाहणारा क्षणार्धात वाचतो आणि पुढे जातो. प्रतिमा दृश्य असल्यामुळे ती व्यंजकच असणार, हा समज येथे फसवा ठरतो.

मराठी वाचकाला फॅशन-व्यक्तिचित्रणाचा सर्वाधिक परिचय गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) यांच्यामुळे आहे. १९९७ मधील 'चेहरे' या त्यांच्या ग्रंथाने चित्रपटसृष्टीतील व्यक्तिचित्रांना संग्राह्य कलाकृतीची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांची शैली मृदू प्रकाशाची. त्या प्रकाशात त्वचेचा खडबडीतपणा विरघळतो आणि चेहरा काळापासून किंचित वेगळा काढून समोर ठेवला जातो. एका अर्थी संस्करणाचा मोठा भाग येथे कॅमेऱ्याचे बटण दाबण्यापूर्वीच पार पडलेला असतो. या परंपरेवर वरवरचेपणाचा आक्षेप घेणे सोपे आहे. परंतु सौंदर्याचा आदर्श उभा करणे हे आपले कार्य ती उघडपणे मान्य करते. चेहऱ्यामागचे मन उलगडून दाखविल्याचा आव ती आणत नाही. तडा गेलेल्या चेहऱ्याची नवी शैली नेमका हा दावा करते, म्हणून तिची कसोटीही अधिक कठोर असावयास हवी.

ती कसोटी किती गंभीर आहे, हे दीपिका पडुकोण यांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. २०१४ मध्ये आपल्याला नैराश्याने ग्रासले होते, असे त्यांनी २०१५ च्या आरंभी जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षातील त्यांची झळाळती छायाचित्रे पुन्हा पाहिली तर त्यांत व्याधीची खूण सापडत नाही. याचा अर्थ ती छायाचित्रे खोटी होती, असा नव्हे. नैराश्य पुष्कळदा अखंड, नीटनेटक्या, हसऱ्या चेहऱ्याआड वास करते, हेच त्यांतून कळते. आता याच्या शेजारी भंगलेल्या चेहऱ्याचा संकेत ठेवावा. हा संकेत रूढ झाला की व्याधी कशी 'दिसते' याविषयीची एक अपेक्षा समाजमनात तयार होते, आणि जिचा चेहरा त्या अपेक्षेत बसत नाही तिच्या दुःखावर विश्वास ठेवणे अवघड होते. शब्दवाच्यतेचा दोष म्हणूनच केवळ रसहानीपुरता राहत नाही. सहानुभूतीच्या हेतूने निर्माण झालेली प्रतिमा खऱ्या पीडिताविरुद्धचा पुरावा बनू शकते.

फॅशनच्या क्षेत्रात या दोषाचे ढळढळीत दर्शन सप्टेंबर २०१९ मध्ये मिलान येथे झाले. गुची या कंपनीच्या प्रदर्शनात मनोरुग्णांना जखडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या बंदिस्त अंगरख्यांची आठवण करून देणारे पोशाख मॉडेलांना घालण्यात आले. हे पोशाख विक्रीसाठी नाहीत, असे कंपनीने स्पष्ट केले. त्यांतील आयेशा टॅन जोन्स या मॉडेलने मानसिक आरोग्य ही फॅशन नव्हे, अशा आशयाचे शब्द तळहातांवर लिहून हात उंचावले. प्रतिमा शब्दासारखी सपाट झाली होती, तेव्हा तिचा प्रतिवाद करण्यासाठी प्रत्यक्ष शब्दच वापरावा लागला.

भारतात मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २४ नुसार मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही. रुग्णाचा चेहरा असा संरक्षित आहे. रुग्णत्वाची वेशभूषा मात्र कोणालाही धारण करता येते. कायद्याचा अधिकार जेथे संपतो तेथे समीक्षेची जबाबदारी सुरू होते.

मग संस्करणाला मनोवेदना व्यक्त करताच येत नाही काय? फॅशनच्या सीमेबाहेरचे, पण वेशभूषा आणि व्यक्तिचित्र यांच्याशी जवळचे नाते असलेले एक उदाहरण येथे मार्गदर्शक ठरते. विवान सुंदरम यांनी २००१-०२ मध्ये 'री-टेक ऑफ अमृता' ही मालिका रचली. आजोबा उमरावसिंग शेर-गिल (१८७०–१९५४) यांनी काढलेली स्वतःची आणि कुटुंबाची छायाचित्रे त्यांनी संगणकावर एकमेकांत गुंफली. अमृता (१९१३–१९४१) त्यांत कधी पाश्चात्त्य पोशाखात तर कधी साडीत दिसते. आरसे आणि प्रतिबिंबे तिला अनेक करतात. तिचा अकाली मृत्यू आणि १९४८ मध्ये तिच्या आईने केलेली आत्महत्या यांचा उच्चार या चित्रांत नाही. कोणाचाही चेहरा फाडलेला नाही. भिन्न काळांतील माणसे मात्र एका चौकटीत आली आहेत, आणि त्यांच्या वयांचा मेळ बसत नाही हे ध्यानात येताच पाहणारा अस्वस्थ होतो. जोड सफाईदार आहे. विसंगती आहे ती काळात. शोक येथे त्या विसंगतीतून ध्वनित होतो. अर्थात कुटुंबाचा इतिहास अजिबात ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाच्या बाबतीत ही मालिका मम्मटाच्या दुसऱ्या दोषाच्या सीमेवर येते, हेही मान्य करावयास हवे.

या दोन टोकांतील भेद असा मांडता येईल: एक संस्करण चेहऱ्यावर क्रिया करते, दुसरे पाहणाऱ्याच्या खात्रीवर. पहिले व्याधीला चिन्ह देऊन तिचा प्रश्न मिटविते. दुसरे दिसणाऱ्या चेहऱ्यावरून मन ओळखता येते हा आपला विश्वासच डळमळीत करते. आज ही साधने स्टुडिओपुरती राहिलेली नाहीत. शहादा तालुक्यात साखर कारखान्याभोवती वसलेल्या पुरुषोत्तमनगरातील महाविद्यालयीन मुलीच्या मोबाइलमध्येही त्वचा उजळविणारे आणि चेहऱ्याला तडे पाडणारे संस्करण शेजारीशेजारी उपलब्ध असू शकते. तिने यांपैकी काहीच न वापरता पाठविलेले साधे, हसरे छायाचित्र पाहताना तिच्या मनाविषयी निर्णय देण्याची घाई न करणे, एवढी शिस्त पाहणाऱ्याच्या नजरेला लागली, तर या कलाप्रकाराने आपले काम केले असे म्हणता येईल.