मरहुमांची आठवण आणि आपली लेखणी

मुस्लिम मराठी लेखनात माणूस गेला की तो लगेच चांगला होतो. आपल्या स्मरणिका, ईदचे विशेषांक, वार्षिकांक आणि पुस्तकांच्या अर्पणपत्रिका काढून बघा. ‘मरहूम वालिदसाहेब नेक, दीनदार, मनमिळाऊ व गोरगरिबांचे कैवारी होते’ हे वाक्य कोठेतरी सापडतेच. एका लेखातले नाव काढून दुसऱ्या लेखात घातले तरी एक ओळही बदलावी लागत नाही. ज्या लेखात नाव बदलून चालते, त्यात माणूस नसतो. प्रेमापोटी लिहिलेल्या या मजकुराने गेलेला माणूस दुसऱ्यांदा दफन होतो, असे आम्हाला वाटते.

याच्या नेमके उलट आपल्या घरात घडते. नागपूरचे मोमिनपुरा आणि शेजारचे कामठी घ्या. आझमगड, मऊ, मुबारकपूरकडून आलेली विणकर घराणी येथे वसली, वाढली, आणि पुढे वस्त्यावस्त्यांत पांगली. सारे खानदान एकत्र येते ते शादीला, नाहीतर मय्यतीला. तीजा, चालीसवाँ, बरसी, शबे-बरातला कब्रस्तानातून परतल्यावरची रात्र. या रिवाजांविषयी मसलकी मतभेद आहेत. त्या वादात आम्हाला येथे शिरायचे नाही. आमचे लक्ष दुआ संपून दस्तरखान उचलल्यानंतर जे सुरू होते त्याकडे आहे.

चच्चा म्हणतात, ‘अब्बा करघ्यावर बसले की कोणाशी बोलत नसत.’ आतल्या खोलीतून फुफी ओरडते, ‘बोलत नसत कसे? तोंडात तंबाखू असायची, म्हणून!’ खाला सांगते की किराणावाल्याची उधारी त्यांनी मरेपर्यंत लपवली, आणि ती उधारी कोणाच्या शादीची होती हेही सांगते. सारे हसतात. मग हसता हसता कोणीतरी पदराने डोळे पुसते. अशी बैठक प्रत्येक वाचकाने पाहिलेली आहे. तिची खुबी अशी की तिला एकच निवेदक नसतो. एकाने सांगितलेले दुसरा दुरुस्त करतो, तिसरी त्यात भर घालते. पुराव्याशिवाय कोणालाही थोर होऊ दिले जात नाही, आणि पुरावा मिळाला की तो थोरपणा टिकतो. उधारी लपवणारे अब्बा ‘गोरगरिबांचे कैवारी’ या शब्दांपेक्षा कितीतरी मोठे ठरतात.

आठवण म्हणजे केवळ रडणे नव्हे, हे तर नागपूरकराला शिकवायलाच नको. बाबा ताजुद्दीन 1925 साली वारले. ताजाबादला दरवर्षी त्यांचा उर्स भरतो, आणि उर्स या शब्दाचा मूळ अर्थच शादी असा आहे.

मग ही बैठक कागदावर का येत नाही? पहिले कारण अदबीचे आहे. मृतांना वाईट बोलू नये, त्यांच्या भल्या गोष्टी आठवाव्यात, ही आपली शिकवण आहे आणि ती योग्यच आहे. दुसरे कारण भाषेचे. घरातली आठवण उर्दूत, दखनीत किंवा नागपुरी हिंदीत बोलते, आणि लिहिताना आपण तिला पुस्तकी मराठीचा कडक इस्त्रीचा सदरा घालतो. तिसरे, ज्या बायांना सारे ठाऊक असते त्या लिहीत नाहीत, आणि लिहिणाऱ्या पुरुषांना निम्मेच ठाऊक असते. चौथे कारण सर्वांत अवघड आहे. मराठीत लिहिताना शेजारचा वाचक आपल्या डोळ्यांसमोर असतो. आपल्याकडे संशयाने पाहिले जाते, हे मनात असते. म्हणून आपण वडिलांची आठवण लिहीत नाही, त्यांच्या चारित्र्याचा दाखला लिहितो. दाखला खरा असतो, पण तो मागणाऱ्यासाठी लिहिलेला असतो. वडील त्यात कोठेच नसतात.

वास्तविक हा प्रश्न उर्दूच्या खाकानिगारीने केव्हाच सोडवला आहे. मिर्झा फरहतुल्ला बेग यांनी आपले उस्ताद डिप्टी नझीर अहमद यांच्यावर जे लिहिले, त्यात उस्तादांची विद्वत्ता आहे, तसा त्यांचा पैशाचा चोख हिशेबही आहे. वाचून नझीर अहमद लहान होत नाहीत. उलट ते समोर येऊन बसतात. मौलवी अब्दुल हक यांचा ‘नामदेव माली’ तर आपल्या महाराष्ट्रातला, औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याच्या बागेतला. उर्दू शाळांतून तो शिकवला जातो. दलित समाजातल्या या माळ्यासाठी मौलवीसाहेबांनी विशेषणांची माळ ओवली नाही. दुष्काळात लांबून पाणी आणून तो रोपे कशी जगवतो, रोपांशी मुलांसारखा कसा वागतो आणि मधमाश्यांच्या हल्ल्यात काम करता करताच कसा मरतो, एवढे दाखवले. हेच मौलवीसाहेब 1936 साली नागपुरात भारतीय साहित्य परिषदेत भाषेच्या प्रश्नावर थेट गांधीजींशी वाद घालून गेले. भाषेसाठी एवढे भांडणाऱ्या माणसाने माळ्याबद्दल लिहिताना साधे शब्दच वापरले.

इस्मत चुगताई यांनी भाऊ अझीम बेग यांच्या मृत्यूनंतर लिहिलेल्या खाक्याचे नावच ‘दोजखी’. आजारी, चिडका, घरच्यांना छळणारा, तरी लिहीत राहणारा भाऊ त्यात आहे. मंटोच्या बहिणीला हे लेखन बेशरमपणाचे वाटले. यावर मंटो तिला म्हणाला की माझ्यावर असे लिहिण्याचे वचन देत असशील तर मी आजच मरायला तयार आहे. ‘दोजखी’मध्ये निंदा शोधणाऱ्याला निंदा सापडेल. पण त्यातले प्रत्येक वाक्य त्या भावाच्या खाटेजवळ बसून लिहिलेले आहे, हे दिसायला वेळ लागत नाही.

मराठीतही वाट तयार आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांचे सोवळे किती छळवादी होते ते हसत हसत सांगितले आहे, आणि तरीही वडील वडीलच राहिले आहेत. मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ 1995 साली आले. हमीद दलवाई यांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे पटत नाही. परंतु उर्दू वातावरणात वाढलेली एक बाई मराठीत आपला संसार सांगते, नवऱ्याचे आजारपण सांगते, तेव्हा वाद घालणारा वाचकही घटकाभर त्या घरात जाऊन बसतो. आपल्या श्रद्धांजलीपर लेखांत असे घर का नाही, हा आमचा सवाल आहे.

याचा अर्थ मरहुमांची लक्तरे चव्हाट्यावर टांगावीत असा नव्हे. ऐब आणि आदत यांत फरक आहे. दुसऱ्याच्या गुन्ह्यावरचा पडदा तसाच राहू द्यावा. पण तंबाखू, उधारी, तापट स्वभाव, अडाणीपण लपवण्यासाठी खांदा दाबून खत्म वाचण्याची गरज नाही. भल्या गोष्टी आठवा, असे सांगितले आहे, खोट्या आठवा असे नाही. आणि भली गोष्ट बहुधा घडलेल्या प्रसंगातच असते. विशेषणात ती सापडत नाही.

आम्ही शाळेत मुलांना ‘माझे आजोबा’ या विषयावर निबंध लिहायला देतो तेव्हा ‘वो नेक इन्सान थे’ हेच वाक्य बहुतेक वह्यांत येते. मग आम्ही तोंडी विचारतो, ‘दादा गुस्से में क्या बोलते थे?’ साऱ्या वर्गाचे हात वर होतात. मुलांना आठवते सारे. ते लिहायचे नसते, हे आपण मोठ्यांनीच त्यांना शिकवले आहे.

ज्यांनी हातमागावर आयुष्य काढले, ती पिढी आता झपाट्याने जात आहे. करघ्याच्या भागांची नावे, विणताना म्हटली जाणारी गाणी, पेठेतल्या व्यापाऱ्याशी चालणारी घासाघीस, हे सारे त्यांच्या आठवणींबरोबरच जाईल. म्हणून आमची लेखकांना विनंती आहे. पुढचा श्रद्धांजलीचा लेख लिहिण्याआधी एकदा आतल्या खोलीत जाऊन फुफीला वाचून दाखवा. ती जेथे ‘असं नव्हतं रे’ म्हणेल, तेथून पुन्हा लिहा. तिचे शब्द आहेत तसे, दखनीतले तर दखनीत, ठेवा. मराठी वाचकाला ते समजतील. संपादकांनीही एवढे पाहावे की लेखातले नाव बदलून तो दुसऱ्या कोणाला लागू पडतो का. पडत असेल तर तो आदराने परत करावा.