पुढचा भाग कधी?

तुंगार्ली हे नाव भुजंगप्रयातात बसत नाही. लोणावळ्याच्या या भागाचा त्यात काही दोष नाही. ‘तुं’, ‘गा’ आणि ‘र्ली’ ही तिन्ही अक्षरं गुरू, आणि ‘लगागा लगागा’ या चालीत दोनाहून जास्त गुरू लागोपाठ येतच नाहीत. समजा, राजमाचीच्या वाटेवर भिजून आलेल्या एखाद्या हौशी कवीनं घरी येऊन भुजंगप्रयातात कविता लिहिली, तिच्यात तुंगार्ली कसंबसं कोंबलं आणि रात्री ती मायबोली या संकेतस्थळावर टाकली. सकाळी तीन प्रतिसाद. पहिला, ‘मस्त!’ दुसरा, ‘फोटो टाकले असते तर अजून मजा आली असती.’ तिसरा माणूस मात्र बोटं मोजून बसलेला असतो. दुसऱ्या ओळीत लय अडखळते, असं तो सांगतो. तुंगार्ली ठेवायचंच असेल तर मंदाक्रांता घ्या, तिथं सुरुवातीलाच चार गुरू लागतात, असं सुचवतो आणि वर नमुनाही देतो: ‘तुंगार्लीला ढग उतरले, वाट कोठे दिसेना’. ढगांची कविता मेघदूताच्या वृत्तात गेली, हा फायदा वेगळाच.

प्रसंग रचलेला आहे, पण असे तिसरे प्रतिसाद मराठी संकेतस्थळांवर खरोखर येत आणि त्यांच्यावर कित्येकांची कविता सुधारली. मराठीतल्या हौशी लेखनाचा इतिहास लिहायचा तर कविता-कथांइतकाच या प्रतिसादांचाही लिहावा लागेल. तो अजून कुणी नीट लिहिलेला नाही. विद्यापीठीय समीक्षेनं या सगळ्या लेखनाकडे ‘नेटवरचं काहीतरी’ म्हणून पाहिलं आणि पुढची पाटी वाचली.

सुरुवात 1996 सालच्या गणेश चतुर्थीला झाली. अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी मायबोली सुरू केली तेव्हा संगणकावर देवनागरी उमटवणं हेच एक दिव्य होतं. लिहिणारे आणि वाचणारे बहुतेक परदेशी गेलेले अभियंते, त्यांच्या घरची मंडळी, आणि हळूहळू पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत ज्यांच्या टेबलावर इंटरनेट आलं होतं असे लोक. कथा-कवितांच्या दालनाचं नाव ‘गुलमोहर’. 2004 मध्ये मनोगत आलं; तिथं शुद्धिचिकित्सकही होता. तिथल्या वाचकाला ऱ्हस्वदीर्घाची चूक जेवणातल्या खड्यासारखी लागायची. 2007 च्या गणेश चतुर्थीला तात्या अभ्यंकरांनी मिसळपाव काढलं आणि प्रतिसादाची भाषा एकदम कट्ट्यावरची झाली. 2011 मध्ये ऐसी अक्षरे आलं. त्यानं प्रतिसादांनाच श्रेणी द्यायला सुरुवात केली: मार्मिक, रोचक, माहितीपूर्ण, अवांतर, निरर्थक. वाचकाच्या मतावर दुसऱ्या वाचकाचं मत, अशी ही सोय.

त्याआधी नवोदिताला प्रतिक्रिया कुठून मिळायची? बहुतेकदा मिळायचीच नाही. सोबत पाठवलेल्या तिकिटाच्या पाकिटातून ‘साभार परत’ यायचं. ‘सत्यकथे’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा पुन्हा लिहायला लावत, हे खरं. पण ते भाग्य मोजक्यांचं आणि 1982 साली ते मासिकच बंद पडलं. 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या मुलानं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं, ही गोष्ट मराठी शाळेत वर्षानुवर्षं सांगितली जाते. जळगावला पोचू न शकलेल्यांची गोष्ट अर्थातच कुणी सांगत नाही. मायबोली-मनोगतानं पहिल्यांदा हे केलं की कविता लिहिणाऱ्या कुठल्याही माणसाला, तो सॅन होजेत असो की सांगोल्यात, उद्या सकाळपर्यंत एक तरी अनोळखी वाचक मिळेल याची जवळजवळ खात्री दिली.

या प्रतिसादांत सर्वांत कसदार भाग गझलेचा. त्याला कारण आहे. सुरेश भटांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहून नियम मराठीत आणून ठेवले होते आणि नवख्यांना ती पाठवून, पत्रं लिहून एक शिस्त लावली होती. 2003 मध्ये भट गेले. पुढे तीच शिस्त संकेतस्थळांवर गेली. काफिया म्हणजे यमक चुकलं, अलामत म्हणजे यमकातला कायम राहणारा स्वर सांभाळला नाही, दुसरा मिसरा पहिल्याला काही उत्तर देत नाही, अशी नेमकी बोलणी तिथं होत. मायबोलीवर तर ‘पर्यायी शेर’ हा प्रकारच रूढ झाला. दुसऱ्याच्या गझलेतला शेर उचलायचा आणि ‘असा केला तर?’ म्हणून आपला लिहून दाखवायचा. यावरून तुंबळ भांडणं झाली. आपल्या पोराचं नाक दुसऱ्यानं सरळ करून दिलेलं कुणाला आवडेल? तरीही त्या भांडणांतून वाचणाऱ्याला जे कळत होतं ते वर्गात कळत नव्हतं. एकच खयाल चार जणांच्या हातून चार वळणं घेताना समोर दिसायचा.

पण या कसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. जे मोजता येतं तेवढंच सुधारलं. वृत्त सुधारलं, काफिये चोख झाले, आणि शेकडो निर्दोष गझला ‘वेदना’, ‘आसवे’, ‘जखमा’ यांच्याभोवती फिरत राहिल्या. मात्रा चुकली तर पाच जण धावून येत. शेर शिळा आहे, हे सांगायला एखादाच. तो बहुधा ‘खोडसाळ’ ठरायचा.

कथेचं निराळं. कथेला लगागा नाही, त्यामुळे वाचकाकडे हत्यारच नाही. तिथं प्रतिसादाची एक लघुलिपी तयार झाली: पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, पुभाप्र म्हणजे पुढील भागाच्या प्रतीक्षेत, वाखुसाआ म्हणजे वाचनखूण साठवली आहे, हहपुवा म्हणजे हसून हसून पुरेवाट. नापसंतीसाठीही शब्द होते. कुणी ‘जिलब्या पाडतो’ असं म्हटलं की लेखकानं ओळखायचं. यातल्या ‘पुभाप्र’चं राज्य सर्वांत मोठं. ‘बेफिकीर’ या नावानं लिहिणाऱ्या लेखकाची ‘हाफ राईस दाल मारके’ ही ढाब्यावरच्या मुलाची कादंबरी मायबोलीवर भागाभागानं आली, आणि वाचक पुढच्या भागासाठी तगादा लावून बसलेले असत. लेखकाला एवढी भूक समोर दिसली की तो लिहीत सुटतो. हा त्या प्रतिसादांचा गुण आणि तोच त्यांचा धोका. कुठं आवरावं, हे तगादा सांगत नाही.

हौशी भयकथा हे याचं उत्तम उदाहरण, आणि तिथं लोणावळा परत येतो. मराठी हौशी भयकथेला लोणावळ्या-खंडाळ्याचा रिकामा बंगला फार प्रिय. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी वाचून वाढलेल्या पिढीला पाऊस, धुकं, दिवे जाणं आणि बंगला राखणारा कमी बोलणारा म्हातारा एवढी सामग्री पुरते. शेवटी कळतं की म्हातारा दहा वर्षांपूर्वीच वारला. खाली वीस प्रतिसाद, ‘काटा आला अंगावर’. या वीस जणांत एखादा मावळातला वाचक असावा आणि त्यानं विचारावं की, बाबांनो, तुंगार्लीत शनिवार-रविवारी गाडी उभी करायला जागा मिळत नाही, शेजारच्या बंगल्यात मध्यरात्रीपर्यंत गाणी वाजतात, तिथं भुताची डाळ शिजते कशी? हा प्रश्न थट्टेचा वाटतो, पण कथेला लागतो तो हाच. जागा खरी नसेल तर भीतीही खरी होत नाही. असा वाचक कविता तपासायला येतो, कथा तपासायला क्वचित येतो. कथेतल्या माणसांबद्दल मात्र सगळे हिरिरीनं बोलतात: तिनं त्याला सोडायलाच हवं होतं, सासू फार सहज सुटली. पात्र म्हणजे जणू त्याच इमारतीतलं बिऱ्हाड. त्यात वाचकाचं प्रेम आहे. बांधणीबद्दल अक्षर नाही.

टोरांटोतून 2006 मध्ये सुरू झालेल्या वॉटपॅड या कथांच्या संकेतस्थळावर मात्र वाचक परिच्छेदागणिक शेरा लिहू शकतो. लेखकाला दिसतं की अमुक ठिकाणी लोक हसले, तमुक ठिकाणी चिडले, आणि मधली दोन पानं कुणी बोललंच नाही. ती शांतता लेखकाला बरंच काही सांगते. मराठी संकेतस्थळांवर प्रतिसाद शेवटी, सगळा एकदम. त्यामुळे कथा वाचून झाल्यावर जे मनात उरतं, म्हणजे शेवट, त्याच्यावरच बोलणं होतं. मराठी हौशी कथाकार शेवटच्या धक्क्याच्या इतका आहारी गेला, त्याला हेही एक कारण असावं.

विडंबनाचा उल्लेख केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं, चहाच्या कपांसोबत एकमेकांच्या कविता ऐकल्या जाऊ लागल्या, आणि दोनच वर्षांत अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ काढून त्या काळातल्या कवितेची टोपी उडवली. मनोगत आणि मिसळपाव यांवर हीच परंपरा काही तासांच्या अंतरानं चालायची. सकाळी विरहाची कविता, दुपारी त्याच वृत्तात, त्याच यमकांत मिसळीच्या तर्रीवर विडंबन. चांगलं विडंबन हा सर्वांत कडक प्रतिसाद, कारण ते करायला मूळ कविता बारकाईनं वाचावी लागते. ज्या कवींची विडंबनं झाली त्यांतल्या शहाण्यांना हा मान वाटला.

कंपूबाजीही होतीच. आपल्या गटातल्याला पन्नास ‘वा!’, दुसऱ्याला मौन. एकाच माणसाची दोन-तीन नावं, त्यांतल्या एकानं लिहायचं आणि दुसऱ्यानं दाद द्यायची, असेही खेळ चालले. पण ही माणसं भेटतही. मायबोलीकरांचा पावसाळी ‘ववि’, म्हणजे वर्षाविहार, पुण्या-मुंबईच्या मधल्या डोंगरपट्ट्यात भरायचा. काल ज्याची गझल फाडली त्याच्याशेजारी आज कांदाभजी खायची असली की माणूस प्रतिसादात शब्द जरा जपून वापरतो. ही लाज आता गेली.

2014 मध्ये बंगळुरूत प्रतिलिपि सुरू झालं आणि गणित बदललं. मोबाइलवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची संख्या जुन्या संकेतस्थळांच्या स्वप्नातही नव्हती एवढी झाली. गृहिणी, शिक्षिका, तालुक्याच्या गावातली मुलं लिहू लागली. जुन्या संकेतस्थळांवरचं बरंचसं लेखन शहरी, उच्चशिक्षित आणि एका विशिष्ट बोलीतलं होतं, हे लक्षात घेतलं तर हे विस्तारणं फार मोठं आहे. नाकं मुरडणाऱ्यांनी ते आधी मान्य करावं. पण प्रतिसाद पाच ताऱ्यांत आणि ‘खूप छान’ या दोन शब्दांत आटला. शंभर भागांच्या मालिकेखाली शंभर वेळा ‘पुढचा भाग लवकर टाका’.

फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपनं आणखी एक पायरी गाठली. तिथं कविता पुढं पाठवणं हाच प्रतिसाद, आणि पाठवताना कवीचं नाव गळतं. कधी निनावी कवितेखाली कुसुमाग्रजांचं नाव लागतं, कधी पु. लं.चं. हौशी कवीला मिळालेली याहून मोठी दाद नाही आणि याहून मोठी चोरीही नाही.

तेव्हा आजची स्थिती अशी: लिहिणारे कधी नव्हते एवढे, वाचणारेही खूप, आणि बोटं मोजून बसणारा तिसरा वाचक दुर्मीळ. मायबोली, मिसळपाव, ऐसी अक्षरे यांवर तो अजून अधूनमधून सापडतो, पण नवा लेखक तिथं फिरकत नाही आणि हा वाचक प्रतिलिपिवर जात नाही. दोघांची गाठ पडायला हवी, आणि त्यासाठी पहिलं पाऊल जुन्या वाचकानंच टाकायला हवं. नव्या लेखकाला तो आहे हेच ठाऊक नाही.

दरम्यान एक साधं काम लगेच करण्यासारखं आहे. संकेतस्थळं बंद पडतात तेव्हा कथा कुठंतरी टिकते, लेखकाच्या संगणकात किंवा पुस्तकात. प्रतिसाद मात्र जातात. ज्यांच्याकडे अशा जुन्या पानांच्या प्रती असतील त्यांनी त्या प्रतिसादांसकट जपून ठेवाव्यात, आणि नेटवरून पुस्तकात जाणाऱ्या लेखकांनी परिशिष्टात चार-दोन पानं, सहभागी वाचकांची परवानगी घेऊन, त्या भांडणांनाही द्यावीत.