आज्ञापत्रातील आरमार-प्रकरण : परकीय जहाजांवरील टेहळणीचा विचार आणि त्याच्या मर्यादा

प्रास्ताविक

मराठी राजनीतिपर गद्यात ‘आज्ञापत्र’ या ग्रंथाचे स्थान अनन्यसाधारण आहे. परंपरेने रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावावर असलेला हा ग्रंथ साधारणतः इ.स. १७१५ च्या सुमारास कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावे सिद्ध झाला. त्यातील आरमारविषयक प्रकरणाचा उल्लेख अलीकडच्या काळात वारंवार होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीय नौदलाने शिवमुद्रेवरून प्रेरणा घेतलेले नवे निशाण स्वीकारले आणि ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात साजरा झाला. त्यानंतर तर आमच्या कोकणातील महाविद्यालयांच्या भित्तिपत्रकांवर आणि वक्तृत्व स्पर्धांमधून या प्रकरणाचे आरंभीचे वाक्य हमखास आढळते. ज्याच्यापाशी घोडदळ त्याची भूमी, तसा ज्याच्यापाशी आरमार त्याचा समुद्र, अशा आशयाचे ते वाक्य आहे.

वाक्य बाणेदार आहे यात शंका नाही. तथापि वाचन तेथेच थांबल्यामुळे आरमार म्हणजे केवळ बळ असा समज दृढ झाला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणाचा खरा विषय बळ हा नसून ओळख हा आहे. समुद्रात दिसणारे शीड कोणाचे, ते कोणाच्या परवानगीने फिरते आणि त्याच्याशी कसे वागावे, हा प्रश्न ग्रंथकाराने ज्या बारकाईने हाताळला आहे, तिची चिकित्सा करणे आणि ही दृष्टी कोठे अपुरी पडली हेही पाहणे, हा या लेखाचा हेतू होय.

जहाजांचे वर्गीकरण

ग्रंथकार आरमाराला एक स्वतंत्र राज्यांग मानतो आणि त्याची रचना सांगताना फार मोठी, वाऱ्यावाचून निरुपयोगी ठरणारी जहाजे टाळण्याचा सल्ला देतो. मध्यम आकाराच्या गुराबा आणि वल्ह्यांनीही हाकता येणारी गलबते त्याला हवी आहेत. ही निवड काटकसरीपोटी झालेली नाही. १६७९ मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी आपली लढाऊ जहाजे पाठवून बेटाची रसद तोडण्याचा प्रयत्न केला. वारा पडला की इंग्रजांची जहाजे जागीच अडकत आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या वेळी वल्ह्यांवर बेटापर्यंत पोहोचत. खांदेरी हाती राहिल्यामुळे मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजावर नजर ठेवणे शक्य झाले. ग्रंथातील जहाजांचा विचार अशा अनुभवांशी सुसंगत आहे. किनारा, खाडी आणि बेट यांच्यामधला समुद्र हेच त्याचे क्षेत्र आहे.

या समुद्रात भेटणाऱ्या जहाजांचे ग्रंथकार स्थूलमानाने तीन वर्ग करतो. ज्याच्यापाशी राज्याचा कौल आहे त्या जहाजाला कोणताही उपद्रव द्यावयाचा नाही. परराज्यातील सावकाराचे जहाज कौलाविना आढळले, तर त्याच्या मालाला हात न लावता, दिलासा देऊन त्यास बंदरात आणावयाचे, रीतसर जकात घ्यावयाची आणि त्याचा आदरसत्कार करून त्याला पुन्हा येण्याची उमेद वाटेल असे करावयाचे. तिसरा वर्ग शत्रूचा. तेथे मात्र हयगय नाही. विशेष म्हणजे लढाईच्या ऐन प्रसंगी शत्रू कौल मागू लागला तरी एकाएकी त्याच्या जवळ जाऊ नये, त्याला तोफेच्या टप्प्यात ठेवून त्याच्याच माणसांना आपल्याकडे बोलवावे, असा इशारा ग्रंथकार देतो. कागद खरा असला तरी त्यामागचा माणूस खरा असेलच असे नाही, ही जाणीव येथे स्पष्ट आहे.

कौलाची ही पद्धती मराठ्यांनी शून्यातून निर्माण केली असे म्हणता येत नाही. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासूनच आपला परवाना नसलेली जहाजे पकडण्याचा प्रघात पाडला होता. परवान्याचा हा अधिकार पुढे कान्होजी आंग्रे यांनी बजावला, तेव्हा मात्र इंग्रजी कागदपत्रांनी त्यास चाचेगिरी ठरविले. कृती एकच असताना एकाच्या बाबतीत ती सार्वभौमत्व ठरते आणि दुसऱ्याच्या बाबतीत लूट, हा भेद इतिहास शिकविताना आपण अजूनही पुरेसा अधोरेखित करीत नाही.

टोपीकरांविषयीची दृष्टी

सावकारांविषयीच्या प्रकरणात फिरंगी, इंग्रज, डच, फ्रेंच इत्यादी टोपीकरांचा स्वतंत्र विचार आला आहे. हे वरवर व्यापारी दिसले तरी त्यांच्यामागे त्यांची राज्ये उभी आहेत, आरमार आणि दारूगोळा हेच त्यांचे सामर्थ्य आहे आणि एकदा मिळालेली जागा ते सोडीत नाहीत, हे ग्रंथकाराचे निदान आहे. कंपनीच्या व्यापारी जहाजावरही तोफा असत, हे ध्यानात घेतले म्हणजे व्यापारी जहाज आणि युद्धनौका यांच्यातील सीमारेषा पुसट आहे हे त्याने अचूक ओळखले होते, असे म्हणावे लागते. म्हणूनच वखारीस जागा द्यावयाचीच झाली, तर ती समुद्रकाठी किंवा खाडीच्या तोंडाशी न देता आत, मोठ्या शहरालगत द्यावी आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असे तो सांगतो. यासाठी तो फ्रेंचांच्या राजापूर येथील वास्तव्याचा दाखला देतो. जैतापूरच्या खाडीने बरेच आत गेल्यावर लागणारे राजापूर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या सल्ल्यातील भूगोल वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

टेहळणीचा पाया : किनाऱ्यावरील माणूस

या प्रकरणातील दोन सूचना सहसा वेगळ्या काढून वाचल्या जातात. पहिली म्हणजे आरमाराचा खर्च मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये. तसे केल्यास सावकारांना जाच होऊन व्यापारच बुडेल. दुसरी म्हणजे जहाजांसाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत. ही दुसरी सूचना पर्यावरणविषयक चर्चासत्रांतून पुष्कळदा उद्धृत होते. परंतु ती आरमाराच्या प्रकरणात का आली, याचा विचार क्वचितच होतो. दोन्ही सूचनांचा धागा एकच आहे. ज्या किनाऱ्याच्या रक्षणासाठी आरमार उभारावयाचे, तोच किनारा त्या आरमारामुळे नाडला गेला, तर बातमी देणारा, वाट दाखविणारा आणि वल्हे मारणारा माणूसच दुरावतो. समुद्रावरील नजर अखेर किनाऱ्याच्या विश्वासावर टिकते, हा या प्रकरणाचा गाभा होय.

मर्यादा

तथापि ग्रंथाचा गौरव करून थांबणे हे समीक्षेस शोभणारे नाही. पहिली मर्यादा राजकीय आहे. ग्रंथ राज्य एक आणि आज्ञा एक असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात तो सिद्ध झाला तेव्हा राज्याच्या सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या होत्या. आणि कान्होजी आंग्रे, म्हणजेच पश्चिम किनाऱ्यावरील सर्वांत बलाढ्य मराठी आरमार, १७१३ मध्येच शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले होते. ज्या दरबारातून ही आज्ञा निघाली, त्याच्या हाती ती समग्र किनाऱ्यावर अमलात आणण्याचे साधनच नव्हते.

दुसरी मर्यादा दृष्टीची आहे. परकीय सत्ता जागेच्या आधाराने वाढते, हे ग्रंथकाराने जाणले. परंतु जागेवाचून दूर समुद्रात राहून, पाहून आणि मोजून जाणाऱ्या जहाजाचा त्याने विचार केलेला नाही. १७१७ पासून विजयदुर्गावर इंग्रजांचे आणि १७२४ मध्ये डचांचे हल्ले झाले व ते परतविले गेले. १७५५ मध्ये मात्र कमोडोर जेम्सने पेशव्यांशी संगनमत करून हर्णैचा सुवर्णदुर्ग घेतला आणि वर्षअखेरीस विजयदुर्गाची पाहणी केली. किल्ला सांगोवांगी ऐकला होता तितका उंच व अभेद्य नाही आणि मोठी जहाजे त्याच्या जवळ जाऊ शकतात, हे त्याला त्या पाहणीतून कळले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह तेथे आले, तेव्हा तोफांच्या आधी माहिती पोहोचली होती. किल्ल्याच्या आश्रयाला एकत्र उभे असलेले तुळाजी आंग्रे यांचे आरमार आगीत भस्मसात झाले. जमिनीच्या बाजूने पेशव्यांचेच सैन्य होते. याच घडामोडीत सावित्रीच्या मुखावरील बाणकोट इंग्रजांस मिळाले. खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये, हा अमात्यांचा इशारा सुमारे चाळीस वर्षांतच मोडला गेला, आणि तो मोडण्यात स्वकीयांचाच हात होता.

सांप्रतचा संदर्भ

हा विचार आज कालबाह्य झाला आहे काय? भारताच्या १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार प्रादेशिक समुद्र किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांचा आणि अनन्य आर्थिक क्षेत्र दोनशे सागरी मैलांपर्यंतचे आहे. परकीय युद्धनौकेने प्रादेशिक समुद्रात येण्यापूर्वी पूर्वसूचना द्यावी, असे हा कायदा सांगतो. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदेविषयक कराराला मान्यता देताना, आपल्या आर्थिक क्षेत्रात संमतीवाचून लष्करी सराव करण्याचा अधिकार इतरांना नाही, अशी भूमिका भारताने नोंदविली. अमेरिकेला ही भूमिका मान्य नाही. ७ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकी विनाशिका ‘जॉन पॉल जोन्स’ लक्षद्वीपच्या पश्चिमेस सुमारे १३० सागरी मैलांवरून पूर्वसंमती न घेता गेली आणि अमेरिकेने तसे जाहीरही केले. त्यावर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने चिंता कळविली व पर्शियन आखातापासून मलाक्का सामुद्रधुनीच्या दिशेने होणाऱ्या तिच्या प्रवासावर सतत लक्ष ठेवले होते, असे स्पष्ट केले. अमात्यांचे तीन वर्ग येथे अपुरे पडतात. ही नौका शत्रूची नव्हती, सावकाराची नव्हती आणि तिने कौलही घेतला नव्हता. मित्राची असून कौलाचा नियमच अमान्य करणारी नौका, हा चौथा वर्ग आजच्या काळाने निर्माण केला आहे.

याउलट नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी ‘कुबेर’ या पोरबंदरच्या मच्छीमार नौकेतून आले. नौका आपली, माणसे परकी. म्हणजे खऱ्या कौलाआड खोटा माणूस. त्यानंतर किनाऱ्यावर रडारांची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली आणि २०१८ मध्ये गुरुग्राम येथे हिंद महासागर क्षेत्रासाठी माहिती संकलन केंद्र सुरू झाले. रत्नागिरीत तटरक्षक दलाचा तळ आहे. ही व्यवस्था आवश्यकच आहे. परंतु रडारला दिसणारा ठिपका कोणाचा, हे नेहमीच यंत्राला सांगता येत नाही. पहाटे जाळी टाकणाऱ्या मिरकरवाड्याच्या किंवा हर्णैच्या खलाशाला अनोळखी नौका ओळखू येते. त्याला केवळ तपासणीचा विषय मानावयाचे की टेहळणीतील भागीदार, यावर त्या ओळखीचा उपयोग अवलंबून आहे.

समारोप

आज्ञापत्रातील आरमार-प्रकरण हे सामर्थ्याचे स्तोत्र नसून विवेकाचा पाठ आहे. समुद्रात दिसणाऱ्याला आधी ओळखावे, मग त्याच्याशी कसे वागावयाचे ते ठरवावे, आणि हे करताना आपला किनारा दुखावू नये, हे त्याचे सार होय. १७५६ च्या घटनेने त्यात दोन उणिवा दाखविल्या : दुरून मोजमाप घेणाऱ्याकडे झालेले दुर्लक्ष आणि स्वकीयांतील फूट. विद्यार्थ्यांकडून पहिले वाक्य पाठ करवून घेताना या उणिवाही आपण शिकविल्या पाहिजेत. तसे न झाल्यास त्या वाक्यातील समुद्र भित्तिपत्रकावरच राहील, आणि विजयदुर्गाच्या पाण्यात जळालेल्या गलबतांपासून आपण काही शिकलो, असे म्हणता येणार नाही.