सणाच्या नावावर मालकी कोणाची?

आपल्या दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तेथे १ व २ नोव्हेंबरला ‘दिया दे लोस मुएर्तोस’, म्हणजे मृतांचा दिवस, साजरा होतो. पूर्वजांसाठी केलेल्या मांडणीत हीच फुले असतात. मे २०१३ मध्ये डिस्ने कंपनीने आगामी चित्रपटाच्या निमित्ताने या सणाचे नाव खेळणी, कपडे, खाद्यपदार्थ यांसाठी ट्रेडमार्क म्हणून नोंदवण्याचे अर्ज अमेरिकेत केले. लोकांनी तीव्र विरोध केला आणि काही दिवसांतच अर्ज मागे घेतले गेले. चित्रपट २०१७ साली ‘कोको’ या नावाने आला.

अशा वेळी ‘सणाचे पेटंट घेतले’ असे म्हटले जाते. ते चूक आहे. पेटंट नव्या शोधाला मिळते. तो शोध उघड करावा लागतो आणि अर्जापासून २० वर्षांनी तो सर्वांना खुला होतो. ट्रेडमार्क ही माल कोणाचा हे सांगणारी खूण. वापर चालू ठेवून दर १० वर्षांनी नूतनीकरण केले, की ती कायम राहते.

अर्ज मंजूर झाले असते तरी सण साजरा करण्यावर बंदी आली नसती. परंतु त्या नावाने खेळणी विकणाऱ्या कारागिराला वकील गाठावा लागला असता. खरा आक्षेप येथे आहे. पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या तोंडी असलेले नाव एकाच्याच मालाची खूण कसे ठरावे?

दिवाळीत घरी येणाऱ्या वेष्टनांवर वर्तुळातील ‘आर’ हे अक्षर विद्यार्थ्यांना शोधायला सांगावे. ते नेमके कोणत्या शब्दाजवळ आहे, यावर वर्गात चर्चा व्हावी.