चळवळीच्या साधनांत मुलांची साक्ष

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल व हिराजी गोमाजी पाटील हे दोघे पोलिसांच्या गोळीबारास बळी पडले. आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडल्याचा वृत्तांत आजवर पुष्कळांनी लिहिला आहे व त्यांच्या श्रमांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु या लेखनातील एका वाक्यापाशी आम्ही दर वेळी थबकतो. हिराजींचे वडील गोमाजी पाटील हेही याच दस्त्यात होते, असे ते वाक्य होय. लेखक ते लिहितो आणि लगेच मनोऱ्यांकडे वळतो. बापाच्या पाठोपाठ रानात शिरलेला हा मुलगा घरी काय ऐकत, काय पाहत वाढला, याची विचारपूस कोणी केलेली आमच्या वाचनात नाही.

संस्कृतात अपत्यार्थी तद्धित प्रत्ययांचा मोठा संसार आहे. पाणिनीने त्यांस स्वतंत्र प्रकरणच दिले आहे. दशरथाचा तो दाशरथी, पांडूचे ते पांडव. प्रत्यय कोणाचा पुत्र हे सांगतो. तो कसा वाढला हे सांगणे प्रत्ययाचे काम नव्हे. आमचे चळवळींचे इतिहास अद्याप या प्रत्ययापाशीच अडलेले आहेत.

यावर आक्षेप ठरलेला आहे: मुलांस सनावळी कळत नाही, आणि बापाविषयी त्यांचे मन निःपक्षपाती नसते. आक्षेप खरा आहे. मनोरा कोणत्या रात्री पडला, हे ठरविण्यास मुलाची साक्ष आम्हीही घेणार नाही. पण बाप फरारी असता घरात धान्य कोठून आले, रात्री दारावर थाप पडली म्हणजे आई काय करी, शाळेत शेजारी बसणारा दुसऱ्या दिवशी उठून दूर बसला की काय, या गोष्टींस मुलावाचून दुसरा साक्षीदार बहुधा नसतोच. दप्तरात त्या सापडावयाच्या नाहीत. पोलिसास त्यांची गरज नव्हती आणि पुढाऱ्यास त्या लिहिण्याची सवड नव्हती.

या दृष्टीने दोन ग्रंथ पाहण्याजोगे आहेत. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप अन् आम्ही’ (१९९३) यात आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या पित्याचे स्वतःचे लेखन व मुलांच्या आठवणी एकाच पुठ्ठ्यात आल्या आहेत. दोन साक्षी ताडून पाहण्याची अशी संधी क्वचित मिळते. मात्र मुलांच्या यशाचा प्रकाश मागील काळावर इतका पडतो की, त्या काळचा अंधार किती होता हे मोजणे कठीण जाते.

मल्लिका अमरशेख यांच्या ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) या आत्मकथनाचे मोल याहून वेगळे आहे. शाहीर अमर शेख यांची ही कन्या लाल बावट्याच्या वातावरणात वाढली आणि पुढे दलित पँथरच्या संस्थापकांपैकी एकाच्या घरी नांदावयास गेली. वाचकांनी हे पुस्तक पतीविरुद्धची फिर्याद म्हणून वाचले व बालपणाची पाने भराभर उलटली. ही चूक झाली, असे आमचे मत आहे. पहिल्या घरात समतेचा शब्द ऐकून वाढलेली मुलगीच दुसऱ्या घरातील त्याची किंमत नेमकी करू शकते. फिर्यादीचे बळ त्या आरंभीच्या पानांत आहे.

आता आमच्या भागाकडे येतो. १९४३ साली जे मूल दहा वर्षांचे होते, त्याने आज नव्वदी ओलांडली आहे. त्यांपैकी जे हयात असतील त्यांची साक्ष घेण्यास फार दिवस उरलेले नाहीत. शिवाय हा विषय जुनाच आहे असेही नाही. काळू व शाई या नद्यांवरील नियोजित धरणांस मुरबाड-शहापूरकडील आदिवासींनी व शेतकऱ्यांनी विरोध केला. काळू धरणाचे काम २०१२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. निकालाचा कागद जपला जाईल, त्याची चिंता नको. पण त्या काळी ज्यांचे आईबाप मोर्चास व सभेस जात, ती मुले आता जाणती झाली आहेत. धाकट्या भावंडांस कोणी सांभाळले, बुडालेल्या मजुरीची भरपाई कशी झाली, हे त्यांस अजून आठवत असेल.

दर वर्षी २ जानेवारीस सिद्धगडावर हुतात्म्यांस मानवंदना देण्यास लोक जमतात. मंडळाच्या सभासदांपैकी जे जातील त्यांनी भाषणे सुरू होण्यापूर्वी तेथील वृद्धांजवळ घटकाभर बसावे. मनोऱ्यांविषयी विचारू नये. त्या हिवाळ्यात घरची चूल कोण पेटवी, हे विचारावे, आणि सांगणाऱ्याच्या शब्दांतच उतरून घ्यावे.